बाबांच्या वाट्याचं पाणी

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत भर पावसात लॉनवरचे स्प्रिंकलर चालू असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लेकीच्या घराच्या खिडकीत उभी राहून ओरडलेच, "अगं, बंद करा ते!" लेक लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "आई, रिलॅक्स. टायमरवर आहे." टायमरवर आहे हे मलाही कळतं. वरून देव पाणी ओततोय आणि खालून माणूस, याची कुणाला लाज कशी वाटत नाही, एवढंच कळत नाही. इथल्या मराठी मंडळात ओळख करून देताना तरुण पोरं विचारतात, "काकू, आधी कुठे होतात?" एल पासो म्हटलं की चेहरे कोरे. "टेक्सास ना? यार, तिथे तर नुसतं वाळवंट आहे." हो बाबा, वाळवंट. त्याच वाळवंटाची मला आठवण येते, आणि ती आली की इथल्या हिरव्यागार गवताचा राग येतो. गवताचा काही दोष नाही, मला ठाऊक आहे.

आमच्या आयुष्याची मधली सगळी वर्षं एल पासोत गेली. नवरा तिथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर, मी फार्मसिस्ट. रिओ ग्रांदे नदी तिथे दोन देशांची हद्द आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे मेक्सिकोचं ह्वारेस शहर. नदीच्या नावाचा अर्थ मोठी नदी, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच असते. वर न्यू मेक्सिकोत धरण आहे, तिथून पाणी सोडलं की मगच ती नदी दिसते. ते पाणी दोन देशांनी कसं वाटून घ्यायचं याचा शंभर वर्षांहून जुना करार आहे. अमेरिका आपला वाटा शहराच्या वरच्या अंगालाच कालव्यात वळवून घेते. त्यानंतर पात्रात उरतं ते मेक्सिकोचं. थोडं पुढे गेलं की तेही त्यांच्या कालव्यात शिरतं आणि नदी पुन्हा कोरडी. म्हणजे सीमेवरच्या कुंपणाशी उभं राहून "वा, काय पाणी आहे नदीला" असं आपण म्हणतो, तेव्हा ते पाणी आपलं नसतंच. मला हे तिथे राहायला गेल्यावर कित्येक वर्षांनी कळलं. बाबांना ते नदीवरच्या एकाच फेरीत कळलं.

बाबा म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत. नगर जिल्ह्यात त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कालवा निरीक्षक म्हणून. धरणातून आवर्तन सुटलं की गावोगावच्या शेतांना पाळीपाळीनं पाणी पोचवायचं, हे त्यांचं काम. सायकलवर, मग मोटारसायकलवर, उन्हातान्हात. घरी असले तरी डोकं कालव्यावर. जेवताना फोन आला की आमच्याकडे बघायचे नाहीत, पहिलं वाक्य ठरलेलं, "टेलला पोचलं का?" टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. आमच्याकडची रीत अशी की पाणी आधी टेलच्या शेतांना द्यायचं आणि मग उलटं वर वर यायचं. तोंडाशी बसलेल्याला आधी दिलं तर तो पिऊन घेतो, टेलवाल्याच्या हाती चिखल लागतो. बाबांनी या एका गोष्टीवरून आमदारांशी भांडणं केली, दोनदा बदली पत्करली. आईचा त्या बदल्यांवर कायमचा राग होता.

गंमत अशी की आमची स्वतःची थोडी जमीन होती ती कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी काही चढ चढत नाही. त्यामुळे ज्या माणसानं आयुष्यभर हजारो एकरांना पाणी दिलं, त्यानं स्वतःच्या वाफ्यात पाटाचं पाणी एकदाही घेतलं नव्हतं. आमच्या रानात बाजरी आणि हुलगा, पावसाच्या भरवशावर. बाबा हे कधी बोलले नाहीत, आणि मला ते कधी जाणवलंही नाही.

जाणवलं ते त्यांच्या शेवटच्या फेरीत. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांना एल पासोला आणलं. त्याच्या आधी आम्ही शहरातल्या घरातून नदीखोऱ्यातल्या घरात राहायला गेलो होतो. पुढे घर, मागे एक एकर जमीन, तिच्यात पिकानची झाडं. पिकान म्हणजे अक्रोडाच्या नात्यातलं, उंच आणि तहानलेलं झाड. त्या खोऱ्यातल्या जुन्या घरांना जमिनीबरोबर कालव्याच्या पाण्याचा हक्क मिळतो. तुमची पाळी आली की पाटकरी ट्रकमधून येतो, चारीचं, म्हणजे घरांमागून जाणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडतो, आणि तुम्ही मागच्या अंगणाचं तळं करून घेता. आमच्या शहरी मित्रांना याचं हसू यायचं. "एवढी फार्मसी केलीस आणि शेवटी पाणीच धरायला लागलीस," असं एक काकू मला म्हणाल्या होत्या.

बाबांनी मागचं दार उघडून ती कोरडी चारी पाहिली आणि चहा तसाच ठेवून खाली उतरले. चारीच्या काठानं चालत गेले, वाकून उतार पाहिला, दाराचं लोखंडी चाक हातानं हलवून पाहिलं. परत आले ते विचारत, "हे पाणी तुमच्या नावावर आहे? कागदोपत्री?"

"हो."

"म्हणजे पाळी आली की आपण घ्यायचं?"

"हो, बाबा. आपण घ्यायचं."

ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "यंदाची पहिली पाळी मी धरणार. तू मध्ये यायचं नाहीस."

पण त्या वर्षी पहिली आणि शेवटची पाळी एकच होती. वरच्या डोंगरांत बर्फ कमी पडलं होतं, धरणाचा तळ दिसत होता. पत्र आलं की पाणी थेट जूनमध्ये सुटेल आणि आमच्यासारख्या छोट्या जमिनींना एकदाच मिळेल. बाबा जानेवारीत आलेले. जुलैच्या सुरुवातीला त्यांना परत जायला हवं होतं, त्याहून जास्त राहायची परवानगी नव्हती. शिवाय डॉक्टर नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांचं हृदय बघता पुढच्या वर्षी एवढा प्रवास झेपणार नाही. हे बाबांनाही माहीत होतं. त्यांनी त्यावर एकदाच मान हलवली आणि विचारलं, "जूनमध्ये नक्की सोडतात ना?"

मग सुरू झालं वाट बघणं. त्यांनी नवं फावडं आणवलं. रोज सकाळी थोडं थोडं करून झाडांभोवतीचे बांध नीट केले, वाफ्यांचे उतार सारखे केले. मी "बाबा, ऊन" म्हणून ओरडायची, ते टोपी दाखवायचे.

चारीवर आमच्या खालचं, म्हणजे शेवटचं घर एका म्हाताऱ्या मेक्सिकन बाईंचं होतं. मी त्यांना सेन्योरा म्हणायची. त्यांचा जन्म पलीकडच्या काठावरचा, लग्न होऊन अलीकडे आलेल्या. धाकटा भाऊ अजून तिकडे कापूस पिकवायचा, मेक्सिकोच्या वाट्याच्या पाण्यावर. त्यांच्या दाराशी एका पिवळ्या, आंबट फळाचं झाड होतं, त्याला त्या मेम्ब्रियो म्हणायच्या. त्याची घट्ट वडी करून दरवर्षी आम्हाला पाठवायच्या, आपल्या आंबापोळीला जवळची. बाबांना ती फार आवडायची. या दोघांची गट्टी कशी जमली मला कळलं नाही. त्यांना मराठी येत नाही, बाबांना स्पॅनिश नाही, इंग्रजी दोघांचंही कामापुरतं. मी कामावरून यायची तर दोघं चारीच्या काठावर खुर्च्या टाकून बसलेले, मध्ये कोरडी चारी. ते माती हातात घेऊन काहीतरी दाखवताहेत, त्या मान हलवताहेत.

एका रविवारी मी दोघांनाही नदी दाखवायला नेलं. म्हणजे वाळू दाखवायला. शहराच्या वरच्या अंगाला, जिथे अमेरिकेचा कालवा नदीतून फुटतो, त्या रस्त्यावर गाडी थांबवली. एका बाजूला कालव्याचं काँक्रीट, मग ते गंजक्या रंगाचं उंच कुंपण, त्यापलीकडे पात्र. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आणि धड मराठीत दोघांना करार समजावला. दुष्काळ पडला तर दोन्ही देशांचं पाणी सारख्याच प्रमाणात कापायचं, असं त्यात आहे, हेही सांगितलं.

"कलम चांगलं आहे," बाबा म्हणाले. "पण आधी तोंड कुणाचं उघडतं?"

"कालवा आपला वर आहे, बाबा. आपलंच."

"म्हणजे टेल हिच्या भावाकडे."

मी ते सेन्योरांना सांगितलं. त्यांनी कुंपणातून कोरड्या पात्राकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या की लहानपणी इथे कुंपण नव्हतं, पाणी आलं की दोन्ही काठांची पोरं एकाच पाण्यात उड्या मारायची, आणि कुणाचं कोणतं ते फक्त मोठ्या माणसांना माहीत असायचं. मी बाबांना ते मराठीत सांगितलं. मग आम्ही गाडीतून घरी आलो. हे मला आजही कालच घडल्यासारखं आठवतं, त्या मार्च महिन्यातलं धुळीनं पिवळं झालेलं आभाळ आणि मागच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसलेली ती दोघं.

जून उजाडला. धरणातून पाणी सुटल्याचं कळलं, मग चार-सहा दिवसांनी आमच्या चारीचा निरोप आला. शनिवारी सकाळचे काही तास आमचे आणि सेन्योरांचे मिळून. त्यानंतर पाणी खालच्या दुसऱ्या चारीवर जाणार. बाबांनी आदल्या दिवशी दाढी केली. सकाळी धुतलेलं धोतर नेसले. मी म्हटलं, चिखलात जायचंय, पँट घाला. ते म्हणाले, "तू मध्ये यायचं नाही, ठरलंय ना?"

पाटकरी आला. मोठ्या हॅटचा, धिप्पाड, हसरा माणूस. वरचं दार उघडून, हात हलवून निघून गेला. नवरा हॉस्पिटलात होता. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी चहा घेऊन येते. चारीत पाणी शिरल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला, सुक्या पाचोळ्याला ढकलत येतं तो आवाज. मला वाटलं, झालं, बाबांचं समाधान झालं. मी सावकाश आलं किसलं.

चहा घेऊन बाहेर आले तर आमचे वाफे कोरडे ठणठणीत. बाबा फावडं टेकून चारीशी उभे, आमचं दार बंद, आणि चारीतून पाणी भरभरून पुढे चाललेलं. मी धावत गेले.

"बाबा! दार का नाही उघडलं?"

"आधी तिचं होऊ दे. टेल तिच्याकडे आहे."

मी खाली पाहिलं. सेन्योरा त्यांच्या दाराशी उभ्या, हातात फोन. त्यांचंही दार बंद. आणि वर्षातून एकदा मिळालेलं ते पाणी दोघांनाही ओलांडून चारीच्या टोकाला नाल्यात पडत होतं. माझा तोल सुटला. मी चहा तिथेच मातीत ठेवला आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोन छातीशी धरला आणि म्हणाल्या, भावाचा फोन आला नाही. तिकडच्या कालव्याला पाणी पोचल्याचं त्यानं सांगितल्याशिवाय मी माझं दार उघडत नाही. कधीच नाही उघडलं. मी एवढी वर्षं त्यांच्या शेजारी राहत होते, दरवर्षी त्या उशिरा पाणी घ्यायच्या हे पाहत होते आणि मला वाटायचं, म्हातारपण.

परत वर येऊन बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे तिचं."

"काय बरोबर आहे?" मी ओरडले. "त्यांचं पाणी तिकडे वर वेगळं झालंय, मी दाखवलं नव्हतं? आपण इथे घेतलं काय न घेतलं काय, तिच्या भावाला एक थेंब कमीजास्त होणार नाही!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. भावाला येऊ दे तिच्या."

माझ्या तोंडाला मग काही धरबंध राहिला नाही. सहा महिने याच्यासाठी थांबलात, पुढच्या वर्षी येणार नाही आहात, हे नाल्यात चाललंय ते तुमचं आहे, सरकारचं नाही, तुम्ही आता कुणाचे निरीक्षक नाही आहात. असं सगळं बोलले. ते ऐकून घेत होते. मी म्हटलं, मी उघडते दार. त्यांनी चाकावर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही. मला रडू यायला लागलं, रागानं.

सूर्य चांगला वर आला होता तेव्हा सेन्योरांचा फोन वाजला. मला त्यांचा आवाज आला, उंच, लहान मुलीसारखा. त्या आमच्याकडे बघून हात उंच करून हलवायला लागल्या. भावाकडे पाणी आलं होतं. बाबांनीही फावडं उंच केलं. आता तरी घेतील म्हणावं, तर या दोघांचं नवंच सुरू झालं. ते खुणेनं सांगताहेत, आधी तुम्ही. त्या छातीवर हात ठेवून सांगताहेत, आधी तुम्ही, पाहुणे आहात. मी तीन भाषांत किंचाळले. मग सेन्योरांनी आपलं दार उघडलं आणि त्यांच्या इथली फळी चारीत अर्ध्यापर्यंत खाली सोडली. अर्धं पाणी त्यांच्याकडे वळलं आणि अर्धं तुंबून वर चढत आमच्या दाराशी आलं.

बाबांनी चाक फिरवलं. पाणी आत आलं, आधी फेस आणि काड्या, मग गढूळ, मग स्वच्छ. त्यांनी चपला काढल्या. पहिल्या वाफ्यात उतरून ते पाण्यापुढे चालत गेले, फावड्यानं वाफ्याचं तोंड मोडत, पुढचा बांध धरत, जणू आयुष्यभर स्वतःच्या रानात हेच करत आले असावेत. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. एक झाड झालं की मागे वळून मला सांगायचे, "हे झालं गं." मी काठावर उभी राहून रडत होते आणि हसत होते. त्यांना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नातही नाही.

शेवटची रांग अर्धी झाली असताना पाटकऱ्याचा ट्रक आला. वेळ संपली होती. एका कोपऱ्यातलं मोठं झाड तेवढं राहिलं होतं, पाणी त्याच्यापासून चार हातांवर. पाटकरी ट्रकमधून उतरून वरच्या दाराकडे निघाला. आणि बाबा चिखलातून लगबगीनं त्याच्यासमोर गेले. फावडं खाली टाकलं, दोन्ही हात जोडले.

"साहेब," ते मराठीत म्हणाले, "थोडं थांबा, साहेब. एवढं एक झाड भिजू द्या. लगेच बंद करतो."

हेच शब्द मी लहानपणी आमच्या ओट्यावर ऐकत आले होते. गावोगावची माणसं हात जोडून बाबांपुढे उभी असायची आणि बाबा नाही म्हणायचे. पाटकऱ्याला भाषा कळली नाही, पण जोडलेले हात कळले. त्यानं हॅट काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, अजून थोडा वेळ मागताहेत. तो फार अवघडला. म्हणाला, मॅम, मी दिलं असतं, पण खालच्या चारीवर लोक सकाळपासून थांबलेत.

मी खोटं सांगू शकले असते. थोडं थांबतोय म्हणाला, असं. बाबांना काय कळणार होतं? पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला खोटं बोलता आलं नाही.

"बाबा, ते म्हणताहेत, खाली टेलला लोक थांबलेत."

बाबांचे हात तसेच खाली आले. त्यांनी एकदा त्या कोपऱ्यातल्या झाडाकडे पाहिलं. मग पाटकऱ्याला हातानं थांबवलं, स्वतः आमच्या दारापाशी गेले आणि लोखंडी चाक दोन्ही हातांनी फिरवून बंद केलं. घट्ट बसलं का, ते दोनदा तपासलं. आणि मग तिथेच बांधावर बसून, माझ्यादेखत, आयुष्यात पहिल्यांदा, ते हमसून हमसून रडले.